मदत हवी आहे: स्कायरिम, डाव्या हातात माउस. कळा बदलल्या, पण मेनू अर्धेच ऐकतात

डावरा

खेळ स्कायरिम स्पेशल एडिशन, आवृत्ती १.६.११७०. विंडोज, १४४ हर्ट्झचा मॉनिटर. माउस डाव्या हातात, उजवा हात कळफलकावर. म्हणून चाल डब्ल्यू-ए-एस-डीवरून उचलून आय-जे-के-एलवर आणली आहे: पुढे आय, मागे के, डावीकडे जे, उजवीकडे एल. ई चं काम ओ वर, हत्यार उपसायची आर ची कळ यू वर. आय आणि जे वर मुळात सामान आणि जर्नल असतं, ते वाय आणि एच वर टाकलं. हे सगळं खेळातल्याच सेटिंग्ज › कंट्रोल्समधून केलं.

अडचणी अशा:

१) माउस आडवा नीट फिरतो, उभा जड वाटतो. स्लायडर वाढवला की दोन्ही एकत्र वाढतात, त्यामुळे फरक तसाच राहतो.

२) मेनूंमध्ये काही कळा बदलल्या, काही नाहीत. हत्याराची कळ यू केल्यावर पेटीतलं 'सगळं घ्या' आपोआप यू वर आलं. पण स्काययूआयच्या (सामानाचे मेनू बदलणारं मॉड, म्हणजे खेळात बाहेरून घातलेली भर) याद्यांमध्ये टॅब बदलणं अजून डाव्या ऑल्टवर आणि हातात धरायचा प्रकार डाव्या शिफ्टवर आहे. उजवा हात तिथे पोचत नाही. कुठली कळ कुठून ठरते हेच कळत नाहीये.

३) संवादात माउसने तिसरा पर्याय क्लिक केला तरी कधीकधी पहिलाच निवडला जातो.

४) विंडोजमध्ये माउसची बटणं उलटवली आहेत. खेळात ती सरळच राहतात.

करून पाहिलेलं: स्लायडर, व्ही-सिंक चालू-बंद, कंट्रोल्स मूळपदावर नेऊन पुन्हा बदलणं. एसकेएसई (अशा मॉडना लागणारं पूरक साधन) २.२.६ आणि स्काययूआय ५.२ आहे. कंट्रोलर जोडलेला नाही.

उंबरठा

तुमचा पहिला मुद्दा आकड्यांनी सुटतो, त्यामुळे तो आधी.

या इंजिनमध्ये आडव्या आणि उभ्या हालचालीचं गणित वेगवेगळं आहे. आडवी हालचाल फ्रेमच्या वेगावर (सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात त्यावर) अवलंबून नाही. उभी आहे: तिचा गुणक दर फ्रेमला लागणाऱ्या वेळाने गुणला जातो. मूळ आकडे आडवीसाठी ०.०२ आणि उभीसाठी ०.८५. आता ०.८५ ला सेकंदाच्या फ्रेमसंख्येने भागून पाहा. ६० फ्रेमला ०.०१४२ येतात, म्हणजे उभा माउस आडव्याच्या ७१ टक्के. १४४ ला जेमतेम ०.००५९, तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. दोन्ही सारखे फक्त ४२.५ फ्रेमला होतात. स्लायडरने हे कधीच जुळणार नाही, कारण तो दोन्हींना एकाच पटीत वाढवतो.

उपाय: माय गेम्समधल्या स्कायरिम स्पेशल एडिशन फोल्डरमध्ये 'स्कायरिम' नावाची आयएनआय फाईल (सेटिंग्जची साधी टेक्स्ट फाईल) आहे. तिच्यात 'कंट्रोल्स' हा विभाग शोधा, नसेल तर चौकटी कंसात लिहून तयार करा. त्याखाली 'माउस हेडिंग'च्या दोन ओळी: शेवटी एक्सस्केल असलेली ०.०२ आणि वायस्केल असलेली ०.०२ गुणिले तुमची फ्रेमसंख्या. ६० साठी १.२, ५० साठी १.०, ३० साठी ०.६. (ओळींची नावं मूळ इंग्रजी स्पेलिंगनेच लिहायची, सगळे शब्द सलग, सुरुवातीला लहान लिपीतलं एफ.)

माउसचं त्वरण वेगळ्या फाईलमध्ये आहे, 'स्कायरिमप्रेफ्स'मध्ये. तिथल्या 'कंट्रोल्स' विभागात माउस अ‍ॅक्सेलरेशनची ओळ ० करा.

फ्रेमसंख्या स्थिर नसेल तर हा सगळा हिशोब फुकट जातो. ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरमधून ६० ची मर्यादा घाला. १४४ वर तसाही हा खेळ मूळ स्वरूपात चालवू नये, कारण वस्तूंचं भौतिकशास्त्र ६० ला बांधलेलं आहे. दार उघडून खोलीत गेलात की टेबलावरची ताटं-वाट्या उडतात ती याच कारणाने. १४४ हवेच असतील तर एसएसई डिस्प्ले ट्वीक्स हे मॉड घ्या, ते भौतिकशास्त्राचं कालमान फ्रेमच्या वेगाप्रमाणे जुळवतं.

एक काळजी घ्या. एसएसई इंजिन फिक्सेस या मॉडमध्ये उभ्या माउसची वेगळी दुरुस्ती आहे. ती चालू असेल तर वरचा १.२ लिहू नका. दोन दुरुस्त्या एकावर एक चढल्या की उभा माउस उलट उडायला लागतो.

तिसरी_कळ

दुसऱ्या मुद्द्याबद्दल. खेळातल्या कंट्रोल्स पानावर जी यादी दिसते ती एकूण नकाशाचा एक तुकडा आहे. पूर्ण नकाशा 'कंट्रोलमॅप' नावाच्या साध्या टेक्स्ट फाईलमध्ये असतो, आणि ती फाईल प्रसंगांप्रमाणे विभागलेली आहे: मुख्य खेळ, मेनू, वस्तूंच्या याद्या, सामान, आवडत्या वस्तू, जगाचा नकाशा, कौशल्यं, पुस्तक, जर्नल, कुलूप उघडणं. प्रत्येक विभागाच्या कळा स्वतंत्र.

यातल्या काही ओळींत कळेचा कोड नसतोच. उद्गारचिन्ह, शून्य, स्वल्पविराम आणि मुख्य विभागातल्या कृतीचं नाव, असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ 'मुख्य खेळात या कृतीला जी कळ असेल तीच इथे'. वस्तूंच्या याद्यांमध्ये 'एक्सबटण' नावाची ओळ हत्यार उपसण्याच्या कृतीकडे बोट दाखवते. म्हणून तुम्ही आर ची यू केलीत तेव्हा 'सगळं घ्या' आणि 'टाकून द्या' तिच्यामागे निघाले. नावावरूनच लक्षात येईल की हे मेनू कंट्रोलरच्या बटणांवर बेतले आणि कळफलक नंतर त्यावर बसवला. मला या खेळाच्या इंटरफेसमधली ही सगळ्यात खटकणारी गोष्ट वाटते, कारण कंट्रोल्सच्या पानावर या साखळीचा मागमूस नाही.

जिथे असा निर्देश नसून थेट कोड आहे, तिथे तुमचा बदल पोचत नाही. ते हाताने करायचं:

मूळ फाईल 'स्कायरिम - इंटरफेस' या बीएसए संग्रहात (खेळाच्या अनेक फाईली एकत्र बांधलेल्या फाईलमध्ये) बंद आहे. कुठल्याही बीएसए उघडणाऱ्या साधनाने ती बाहेर काढा आणि डेटा फोल्डरमध्ये इंटरफेस › कंट्रोल्स › पीसी अशी फोल्डरं करून तिथे ठेवा. सुटी फाईल संग्रहातल्या फाईलवर मात करते, मूळ संग्रहाला हात लावायची गरज नाही.

प्रत्येक ओळीत आधी कृतीचं नाव, मग कळफलकाचा कोड, मग माउसचा, मग कंट्रोलरचा. त्यापुढचे आकडे 'ही कळ खेळातून बदलू द्यायची का' हे सांगतात, ते तसेच ठेवा. कोड हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकांत) आहेत, पुढे शून्य-एक्स लावून. तुमच्या उजव्या हाताच्या टापूतले असे: वाय १५, यू १६, आय १७, ओ १८, पी १९, एच २३, जे २४, के २५, एल २६, एन ३१, एम ३२, स्पेस ३९. कोड एफएफ असेल तर त्या साधनावर कृतीला काहीच दिलेलं नाही.

इथे हमखास दोन चुका होतात. विभाग एकमेकांपासून रिकाम्या ओळीने वेगळे केलेले आहेत, आणि खेळ ती रिकामी ओळ मोजतो. वाचायला सोपं जावं म्हणून मध्येच एक रिकामी ओळ टाकली की पुढचे सगळे विभाग एका घराने सरकतात. मग नकाशात दाबलेली कळ भलतंच काही करते आणि चूक सापडता सापडत नाही. रकान्यांमधल्या टॅबच्या जागी स्पेसही भरू नका.

दुसरी चूक: कंट्रोल्सच्या पानावरून एकदा जरी कळ बदलली, तरी खेळाच्या मुख्य फोल्डरमध्ये 'कंट्रोलमॅप_कस्टम' नावाची फाईल तयार होते आणि ती तुमच्या फाईलवर चढून बसते. तुमच्याकडे ती नक्की आहे. पुसून टाका, आणि यापुढे त्या पानावरून काहीही बदलू नका, नाहीतर ती पुन्हा उगवेल.

डावा ऑल्ट आणि डावा शिफ्ट मात्र या फाईलमधून नका हलवू. त्या स्काययूआयच्या स्वतःच्या कळा आहेत. खेळ थांबवून सिस्टीम › मॉड कॉन्फिगरेशन › स्काययूआयमध्ये जा, तिथे शोध, टॅब बदल आणि हाताचा प्रकार या तिन्हींच्या कळा बदलता येतात. शोध स्पेसवर आहे, तो अंगठ्याखालीच येतो, राहू द्या. बाकी दोन एन आणि एम वर टाका.

चौथा मुद्दाही त्याच फाईलमध्ये मिटतो. हा खेळ माउस डायरेक्टइनपुटने (माउस-कळफलक थेट वाचणारा विंडोजचा भाग) वाचतो, आणि तो विंडोजमधली बटणांची अदलाबदल पाहत नाही. मुख्य विभागात उजव्या हाताच्या हल्ल्यासमोर माउसच्या रकान्यात ० (डावं बटण) आणि डाव्या हाताच्या हल्ल्यासमोर १ आहे. दोन्ही आकड्यांची अदलाबदल करा.

मृगनक्षत्र

फाईल न उघडताही एक मार्ग आहे. ऑटोहॉटकी या कळा बदलून देणाऱ्या प्रोग्रामने फक्त या खेळाच्या खिडकीपुरतं आय दाबलं की डब्ल्यू, जे दाबलं की ए, ओ दाबलं की ई, असं करता येतं. खेळाला वाटतं सगळ्या मूळ कळाच दाबल्या जात आहेत, त्यामुळे प्रत्येक मेनू बिनबोभाट चालतो.

तोटे दोन. पडद्यावरच्या सूचनांमध्ये 'ई' दिसत राहतं आणि तुम्ही ओ दाबत असता. आणि पात्राचं नाव, स्काययूआयचा शोध किंवा कन्सोलमध्ये टाइप करताना अक्षरं उलटसुलट उमटतात. त्यासाठी एक कळ रूपांतर चालू-बंद करायला राखून ठेवावी लागते. शोध सतत वापरणाऱ्याला हे जाचक होईल. अशा वेळी तिसरी_कळ म्हणतात तोच रस्ता बरा.

तिसऱ्या मुद्द्याचं कारण: संवादाच्या यादीत कळफलकाची निवड आणि माउसचा बाण यांची सांगड सैल आहे. बाण तिसऱ्या ओळीवर असतो, पण निवड पहिल्यावरच राहिलेली असते, आणि क्लिक निवडलेल्या ओळीला लागू होतो. बेटर डायलॉग कंट्रोल्स हे मॉड घाला, आणि हो-नाहीच्या चौकटींसाठी बेटर मेसेजबॉक्स कंट्रोल्स. दोन्ही इंटरफेसच्या फाईली बदलतात, एसकेएसईची गरज नाही. दुसऱ्या एखाद्या मॉडने संवादाचा मेनू बदललेला असेल तर जे मॉड शेवटी लागेल त्याचीच फाईल टिकते, तेवढा क्रम पाहा.

डावरा

तिघांचेही आभार. संवाद आता अगदी नीट चालतो. स्काययूआयच्या कळाही बदलल्या.

पण वायस्केल १.२ लिहूनही उभा माउस तसाच आहे. इंजिन फिक्सेस नाही. फ्रेम ६० वर स्थिर आहेत. मुद्दाम १२ लिहून पाहिलं, तरी काही फरक नाही, म्हणजे फाईल वाचलीच जात नसावी. कंट्रोलमॅपचंही तेच, कस्टम फाईल पुसल्यावर सगळं मूळपदावर गेलं. मॉड सांभाळायला मॉड ऑर्गनायझर २ हा प्रोग्राम वापरतो.

उंबरठा

१२ लिहून पाहिलंत ते उत्तम केलंत, त्याने शंका उरत नाही. कारण मॉड ऑर्गनायझरच आहे. प्रोफाइलला स्वतंत्र आयएनआय फाईली दिलेल्या असतील तर खेळ डॉक्युमेंट्समधल्या नव्हे, प्रोफाइलच्या फाईली वाचतो. त्याच्याच साधनांच्या यादीतलं आयएनआय एडिटर उघडा आणि ओळी तिथे लिहा.

पुढेमागे मॉड ऑर्गनायझर सोडलंत तर आणखी एक जागा तपासा: वनड्राइव्ह चालू असेल तर विंडोज डॉक्युमेंट्स फोल्डर त्याच्या आत हलवतं आणि जुन्या जागी तशाच नावाचं फोल्डर उरतं. खेळ नवीन जागेचं वाचतो. आणि खेळाच्या लाँचरमधले ऑप्शन्स उघडू नका, तो प्रेफ्स फाईल पुन्हा लिहितो. एसकेएसईच्या लोडरने सुरू केलं की लाँचर वाटेत येतच नाही.

तिसरी_कळ

कंट्रोलमॅपसाठी आधी फाईलचं नाव पाहा. विंडोजमध्ये विस्तार लपवलेले असतील तर नोटपॅडने जतन करताना 'टीएक्सटी' दोनदा लागतं, आणि डोळ्यांना एकदाच दिसतं. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये फाईल नेम एक्स्टेन्शन्स चालू करून खात्री करा.

नाव बरोबर असेल तर ती फाईल सुटी न ठेवता मॉड ऑर्गनायझरमध्ये रिकामं मॉड तयार करून त्यात ठेवा. त्या मॉडच्या आत 'डेटा' फोल्डर करायचं नाही, थेट 'इंटरफेस'पासून सुरुवात. आत आणखी एक 'डेटा' राहिला तर खेळ डेटाच्या आतला डेटा शोधत नाही आणि सगळं मुकाट्याने दुर्लक्षित होतं.

डावरा

टीएक्सटी दोनदाच होतं! नाव सुधारल्यावर कंट्रोलमॅप लागू झाला, हल्ल्याची बटणंही उलटली. आयएनआय एडिटरमधून १.२ लिहिलं आणि माउस दोन्ही दिशांना सारखा झाला. पहिल्यांदाच धनुष्याचा नेम डोक्याच्या उंचीवर स्थिर राहतोय.

एकच राहिलं. खेळात माउस आता हवा तसा आहे, पण मेनूमधला बाण फारच सावकाश सरकतो. स्लायडरचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही.

उंबरठा

होणारही नाही. मेनूच्या बाणाचा वेग प्रेफ्स फाईलमध्ये 'इंटरफेस' विभागात, माउस कर्सर स्पीडच्या ओळीत आहे. मूळ आकडा १. आधी १.५ करून पाहा, मग लागेल तसं ०.१ ने वर-खाली करा. हेही प्रोफाइलच्या फाईलमध्येच लिहा, आणि लिहिताना खेळ बंद असू द्या. बाहेर पडताना खेळ प्रेफ्स फाईल स्वतः जतन करतो, आणि तेव्हा तुमचा आकडा पुसला जाऊ शकतो.