गर्दी झाली की कंत्राटी, एरवी आपली पोरं: हा नियम उलटा तर नाही ना?

कॉलबोर्ड

शीतगृहं आणि मोठ्या फ्रीजर-रूम यांची सर्व्हिस, आणि त्यात कॉल वाटायचं काम माझं. बोर्डवर आमचे पगारी टेक्निशियन आणि तीन कंत्राटदारांची माणसं. वाटपाचा नियम कुठेही लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे: आधी आपली पोरं भरायची, उरेल ते बाहेर द्यायचं. पगार तर जाणारच आहे, मग माणूस बसवून कशाला ठेवायचा, हे त्यामागचं कारण.

कित्येक वर्षं मीही तेच केलं. आता माझं मत फिरलंय. ज्या कामांची तारीख आधी माहीत असते, म्हणजे तिमाही मेंटेनन्स, नवीन मशीन बसवणं, गॅस्केट बदलणं, ती कंत्राटदारांना महिनाभर आधीच देऊन टाकावीत. आपल्या माणसांचा दिवस मुद्दाम थोडा मोकळा ठेवावा आणि ब्रेकडाउनला तेच पाठवावेत.

मत फिरायला एक कॉल कारण झाला. एका फ्रीजर-रूमचा कंप्रेसर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. आमची सगळी पोरं मेंटेनन्सवर अडकलेली, म्हणून कॉल बाहेर दिला. माणूस सकाळी आठला गेला, हाय प्रेशर कटआउट (गॅसचं प्रेशर हद्दीबाहेर गेलं की मशीन थांबवणारा स्विच) रिसेट केला, मशीन सुरू झालं, फोटो टाकला, कॉल क्लोज. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा ट्रिप. तिसऱ्या सकाळी पुन्हा माणूस, पुन्हा रिसेट. शेवटी आमचा जुना टेक्निशियन सोडवून घेतला. तो हट्टाने दुपारी दोनला गेला. छतावर कंडेन्सरपाशी, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागापाशी, नुसता उभा राहिला, म्हणाला फॅन दमलाय. फॅनच्या मोटरला रेटा देणारा कपॅसिटर कमजोर झाला होता. सकाळच्या गारव्यात फॅन कसाबसा भागवायचा, दुपारी ऊन चढलं की प्रेशर हद्दीबाहेर. मुठीत मावेल एवढा तो पार्ट, आणि त्यापायी तीन फेऱ्या झाल्या, ग्राहकाला दोनदा माल हलवावा लागला.

बोला.

पानापक्कड

ताई, मी पगारी टेक्निशियन, तेव्हा माझं मत कुठल्या बाजूचं ते आधीच धरून चाला. पण तुमच्या गोष्टीतून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला साफ उलटा वाटतो.

तुमच्या जुन्या माणसाला "फॅन दमलाय" हे कशावरून कळलं? तो फॅन धड चालत असताना त्याने ऐकला होता म्हणून. आणि धड चालणारं मशीन आम्ही कधी बघतो? मेंटेनन्सला. ब्रेकडाउनला गेलं की समोर आजारी मशीन आणि मागे ओरडणारा ग्राहक, शिकायला सवड कुठली? मेंटेनन्स बाहेर दिलात की आमचे कान गेले. दोन वर्षांनी आम्हीही आठला जाऊन रिसेटच मारू.

दुसरं म्हणजे मेंटेनन्स हे असं काम आहे की न करताही केलेलं दिसतं. कंडेन्सर कॉइल साफ केली, टिक. टर्मिनल घट्ट केले, टिक. अँपिअर बघितले, टिक, आणि आकडा मागच्या तिमाहीचा. फेरीवर पैसे मिळणाऱ्या माणसाने छतावर चढून ब्रश का घासावा? कॉइल चोंदल्याचं पुढच्या हंगामात कळतं. तोवर बिल पास होऊन जुनं झालेलं असतं.

शिवाय तुमच्या वाटपात आमच्या वाट्याला काय उरतं? रात्री-अपरात्रीचे कॉल, तापलेले ग्राहक, बाकीच्यांनी हात टेकलेल्या भानगडी. रोज तेच. बाहेरच्यांच्या ॲपमध्ये "स्वीकारा" आणि "नाकारा" अशी दोन बटणं आहेत. आमच्या ॲपमध्ये नाही म्हणायचं बटणच नाही.

फिरता मिस्त्री

सकाळी आठला गेलेला तो माणूस मी नाही. पण मी असू शकलो असतो, म्हणून लिहितोय.

मला कॉल येतो तेव्हा स्क्रीनवर काय असतं? "कंप्रेसर ट्रिप." झालं. मागच्या वर्षी काय बदललं, मशीन याआधी कधी ट्रिप झालं, सकाळी की दुपारी, काही नाही. ती हिस्ट्री तुमच्या लोकांना दिसते, आम्हाला बंद. आठची वेळ मी ठरवली नव्हती, तुमच्या बोर्डने ठरवली. आठ वाजता त्या मशीनला काही झालेलंच नव्हतं हो. दुसऱ्यांदाही सकाळीच पाठवलंत. बरं, दुसऱ्या फेरीला आधीचाच माणूस होता की वेगळा? वेगळा असेल तर त्याच्या दृष्टीने ती पहिलीच फेरी.

पानापक्कड भाऊ, "फेरीवर पैसे म्हणून टाळाटाळ" हे अर्धंच खरं आहे. माझ्या करारात तीस दिवसांत त्याच मशीनचा तोच कॉल आला तर दुसरी फेरी फुकट. म्हणजे रिपीट कॉल हे माझ्याच खिशाला भोक आहे. रिसेट मारून पळण्यात माझा काय फायदा? पण हेही सांगतो, कारण शोधायला दोन तास घालवले तर त्याचे पैसे कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. रकाना आहे तो पार्ट बदलल्याचा.

आणि ताई, "गर्दी झाली की बाहेर" या नियमाचं खरं दुखणं तुम्ही लिहिलंच नाहीत. ऊन वाढलं की गर्दी एकट्या तुमच्याकडे होत नाही, सगळ्या कंपन्यांकडे एकाच आठवड्यात होते. त्या आठवड्यात माझा फोन थांबत नाही. मी कोणाचा उचलणार? थंडीत ज्याने काम दिलं त्याचा.

गणिती किडा

आकड्यांचं बोलतो, कंटाळा आला तर पुढे जा.

"पगार जाणारच आहे, तर माणूस पूर्ण भरा" हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. रांगेच्या गणितात तेच महागात पडतं. एकच माणूस आणि वाटेल तेव्हा येणारे कॉल असं साधं रूप घ्या. माणूस ८० टक्के वेळ कामात असेल तर नव्या कॉलला सरासरी थांबावं लागतं एका कामाच्या वेळेच्या चौपट. ९० टक्क्यांना नऊपट. ९५ टक्क्यांना एकोणीसपट. दोन तासांचा कॉल धरला तर आठ तासांचे होतात अडतीस. माणसं अनेक असली आणि कोणीही कोणाचा कॉल घेऊ शकत असला तर आकडे बरेच खाली येतात, पण वळण तसंच राहतं: शेवटचे थोडे टक्के जीव खातात. टेलिफोनच्या तारांसाठी हे गणित एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्येच मांडायला घेतलं होतं. तेव्हा ताईंचं "मोकळं ठेवा" म्हणणं मला पटतं.

मात्र "सॉफ्टवेअर वाटप करेल" या भ्रमात कोणी राहू नका. कुठलं काम कोणाला, एकास एक, हा प्रश्न कून यांच्या १९५५ च्या हंगेरियन पद्धतीने चोख सुटतो. पण एका माणसाला दिवसात सहा ठिकाणं, प्रत्येकाची ठरलेली वेळ, सोबत कौशल्य आणि पार्ट, हे आलं की १९५९ मध्ये डँट्झिग आणि रॅमसर यांनी मांडलेला ट्रकच्या फेऱ्यांचा प्रश्न (कोणी कुठे, कुठल्या क्रमाने जायचं) उभा राहतो. मोठ्या बोर्डवर त्याचं अचूक उत्तर वेळेत मिळत नाही, बऱ्यापैकी उत्तरावर भागवावं लागतं. आणि "बऱ्यापैकी" म्हणजे काय, ते तुम्ही भरलेल्या खर्चावर ठरतं. बहुतेक ठिकाणी पगारी माणसाचा तास शून्य खर्चाचा भरलेला असतो. मग मशीन काय करणार? तीन तास लांबच्या कॉललाही आपलंच पोरगं पाठवणार, आणि दहा मिनिटांवरचा कंत्राटी बसून राहणार.

पानापक्कड

@गणिती किडा, मोकळं ठेवा, नाही कोण म्हणतंय? पण मोकळ्या वेळात आम्ही काय करायचं ते बोर्डवर लिहिलेलं नसतं. पहिल्या महिन्यात "राखीव" म्हणतील, तिसऱ्या महिन्यात "रिकामे बसलेत" म्हणतील, आणि वर्षअखेरीला माणसं कमी करतील. हे मी डोळ्यांनी बघितलंय. तुमच्या गणितात हा रकाना कुठाय?

गणिती किडा

नाही. मान्य.

जुना सुपरवायझर

कानांचा मुद्दा आला म्हणून सांगतो. ज्युलियन ऑर नावाच्या मानवशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात झेरॉक्सच्या फोटोकॉपी मशीन दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियनांबरोबर फिरून अभ्यास केला. त्याला दिसलं ते असं: मॅन्युअलमध्ये न बसणारा बिघाड ही माणसं एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांवरून पकडतात. जेवताना, चहाला, "अरे तसलंच एक मशीन मला लागलं होतं" असं करत. म्हणजे ज्ञान पोटात होतं आणि तोंडातून फिरत होतं.

आता सांगा, कंत्राटी माणूस त्या टेबलावर असतो का? आमच्याकडे तर तो गेटवर सही करून थेट साइटवर जातो. दोघांना मिळून बसवा म्हटलं तर वरून उत्तर यायचं, "त्याचे पैसे कोण देणार?" कॅन्टीनमधली अर्ध्या तासाची बडबड कुठल्या हेडखाली टाकायची हे कोणालाच ठाऊक नसतं.

नियमावली

चर्चेत एक धोक्याची जागा आहे. पानापक्कड यांना "नाकारा" हे बटण खटकतं. पण ते बटण असणं हीच कंत्राटदार कंत्राटदार असल्याची एक मोठी खूण आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची २००६ ची शिफारस क्रमांक १९८ आहे. नोकरीचं नातं ओळखायचं कशावरून, याच्या खुणा तिच्यात दिल्यात: काम दुसऱ्याच्या सूचनेने आणि नियंत्रणाखाली होतं का, माणूस संस्थेच्या कामकाजात मिसळलेला आहे का, वेळ आणि जागा दुसरा ठरवतो का, हत्यारं कोण देतं, हीच त्याची मुख्य कमाई आहे का. कागदावर काय लिहिलंय त्याहून प्रत्यक्षात काय चालतं ते बघा, असा तिचा रोख आहे. देशोदेशीचे कायदे वेगळे, पण कसोट्या याच वळणाच्या.

कॉलबोर्ड यांनी महिनाभराचं काम आधी ठरवून, वेळेसकट, कंत्राटदाराच्या एकाच माणसाच्या नावावर लावलं, कंपनीचा गणवेश दिला, लोकेशन बघितलं आणि नाकारलं म्हणून पुढचे कॉल कमी केले, तर उद्या तो माणूस म्हणेल, मी तुमचाच नोकर. आणि त्याचं म्हणणं चुकीचं ठरेलच असं नाही.

फिरता मिस्त्री

नियमावली साहेब, नाकारा बटण दाबून बघा एकदा. पहिल्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या आठवड्यात कॉल पातळ होतात. कोणी काही बोलत नाही, रेटिंग तेवढं घसरतं.

ग्राहकाच्या बाजूने

फ्रीजर-रूम माझ्याकडे आहे म्हणून दोन ओळी. दारात आलेला माणूस पगारी की कंत्राटी हे मी विचारत नाही. मी विचारतो, "मागे आलेले तुम्हीच का?" बहुतेक वेळा उत्तर "नाही" येतं आणि मी पहिल्यापासून सगळी कहाणी सांगतो. ती सांगण्यातच माझा पाऊण तास जातो, तोवर आत तापमान चढतंय.

स्टोअरची चावी

माझ्या मते निम्मं भांडण स्टोअरमध्ये सुटेल. पगारी माणसाच्या गाडीत कपॅसिटर, कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच), प्रेशर स्विच हे कायम असतं. कंत्राटदाराला आधी साइटवर जाऊन फोटो टाकायचा, मंजुरी यायची, मग तो माझ्याकडे येणार, मग परत साइट. दोन फेऱ्या आम्हीच घडवतो आणि पहिल्या फेरीत काम झालं नाही म्हणून बोल त्याला. (कॉन्टॅक्टर आणि कॉन्ट्रॅक्टर यांत फोनवर किती वेळा घोळ होतो ते विचारू नका. "कॉन्टॅक्टर खराब आहे, बदला" यावर एकदा खरंच माणूस बदलून पाठवला होता.)

कॉलबोर्ड

वाचलं सगळं. मिस्त्रींनी विचारलं, दुसऱ्या फेरीला माणूस तोच होता का. बोर्ड उघडून बघितलं. वेगळा होता. आणि पहिल्याने शेऱ्यात लिहिलं होतं, "दुपारी चेक करणे." तो शेरा मी वाचला नव्हता. तेव्हा त्या कॉलचं खापर मी ज्याच्यावर फोडलं त्याच्यावर फोडायला नको होतं.

मेंटेनन्स सरसकट बाहेर, हे मी मागे घेते. पानापक्कड यांचा कानांचा मुद्दा खोडता आला नाही. पण "गर्दी झाली की बाहेर" हेही मला नकोच. मधलं काही सुचतंय: कामाच्या प्रकाराने न वाटता मशीनने वाटायचं. एका कंत्राटदाराला ठरावीक मशीनं, त्यांचा मेंटेनन्स त्याचा आणि ब्रेकडाउनही त्याचा, हिस्ट्री खुली, किरकोळ पार्ट त्याच्या गाडीत आधीच. कॉइल चोंदली तर दुपारी छतावर तोच चढणार. आज कुठला माणूस पाठवायचा ते त्याने ठरवायचं, मी नाही. म्हणजे नियमावलींची अडचणही थोडी कमी.

पानापक्कड

हे बरं आहे. पण कुठली मशीनं? आत्ताच सांगतो, नवी कोरी, जमिनीवर बसवलेली, गेटपाशी गाडी लागणारी सगळी तिकडे जातील. जुनी खोडं आमच्याकडे. मग सहा महिन्यांनी तुम्ही रिपोर्ट लावणार, बघा, कंत्राटी माणसाचे रिपीट कॉल कमी.

कॉलबोर्ड

चिठ्ठ्या टाकू?

पानापक्कड

चिठ्ठ्या नकोत. मशीनचं वय आणि मागच्या वर्षातले कॉल लावा, दोघांकडे सारखी खोडं जाऊ द्या. यादी करताना मी बसतो. आणि मिस्त्रींनाही बोलवा, त्या वेळेचे पैसे देऊन.

फिरता मिस्त्री

येतो. यादीत एक रकाना वाढवा: छतावर जायची शिडी कशी आहे, वर पाणी आहे का, आणि कॉइल धुवायला किती वाजता आत सोडतात. ते बघून दर सांगतो.