टर्नला मराठीत काय लिहायचं? डाव, पाळी, राज्य?

फासेकरी: डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (फासे टाकत आपापलं पात्र रंगवायचा इंग्रजी खेळ) धर्तीवर भाचरांसाठी छोटा खेळ लिहितोय, आठ पानी नियम. त्यात लिहिलं होतं 'प्रत्येक डावात एकदाच मंत्र वापरता येतो'. भाचीने तीन तास मंत्र राखून ठेवला, शेवटी राक्षसाने तिलाच खाल्लं आणि ती रडवेली झाली. तिच्या लेखी डाव म्हणजे अख्खा खेळ, मला म्हणायचं होतं टर्न.

ओसरी: तिचंच बरोबर आहे. डाव मोडला म्हणजे सगळंच मोडलं. सरळ 'पाळी' लिहा.

फासेकरी: लिहून बघितलं, मोठी मुलं खिदळतात.

कॅनॉलकाठ: खिदळू द्या, म्हणून शब्द टाकून द्यायचा का? आमच्याकडे पाणीपाळी आहे, रात्रपाळी आहे, रानाला कुळवाच्या दोन पाळ्या घालतात. आपणच वापरायचं सोडलं तर त्याला तो एकच अर्थ उरेल. 'राज्य' मात्र नको, राज्य ज्याच्यावर येतं तो पकडतो आणि बाकीचे पळतात.

सहाबाजू: टर्नच ठेवा हो, पोरं 'माझा टर्न'च म्हणतात. इंग्रजीत तरी कुठे धड होतं, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या जुन्या अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीत राउंड एक मिनिटाचा आणि टर्न दहा मिनिटांचा, आता राउंड सहा सेकंदांचा आणि टर्न त्याच्या पोटात. लेव्हल तर पात्राला, मंत्राला, राक्षसाला, तळघराच्या मजल्याला, सगळ्याला एकच! त्या खेळाचे एक कर्ते गायगॅक्स, त्यांनी 1978 च्या नियमपुस्तकात वेगळे शब्द योजायचा विचार होता असं लिहिलंय, पण राहिलं ते लेव्हलच. शब्द कुठलाही घ्या, पहिल्या पानावर अर्थ सांगा आणि मग बदलू नका.

तळटीप: मला टर्नपेक्षा 'टाकावा' खटकतं. 'खेळाडूने फासा टाकावा', ही सक्ती की मुभा? 'टाकायचाच' नाहीतर 'हवा तर टाकता येतो' असं लिहा. नियमात -आवा नकोच.

ओसरी: असं कसं? पाककृतीत 'मीठ घालावं' कुणाला कळत नाही?

तळटीप: मीठ कमी पडलं तर कुणी भांडत नाही, फाशावरून भांडतात.

कॅनॉलकाठ: आणि 'रोल करा' काढा. फासा टाकतात, दान पडतं.

ओसरी: हो, आजी कवड्या हातात खुळखुळवून 'दान दे गं बाई' म्हणायची. कवडी देते म्हणून दान, मला तरी असंच वाटतं.

फासेकरी: दान घेतलं. 'टाकावा' सतरा ठिकाणी निघाला, आज रात्री बसतो. टर्नला 'खेळी' कसं वाटतं?

सहाबाजू: खेळी म्हणजे चाल. एका टर्नमध्ये पळायचं पण असतं आणि तलवार पण मारायची असते, मग त्या दोन खेळ्या झाल्या ना?

कॅनॉलकाठ: एका पाळीत दोन खेळ्या. बघा, आली की नाही पाळी!