डायअरिलआयोडोनियम क्षारांचे स्फटिक: हॅलोजन बंध ठामपणे कसा दाखवावा?

स्फटिकवेडा: मंडळी, डायफेनिलआयोडोनियम क्लोराइडची (आयोडीनला दोन फेनिल वलयं जोडलेला धनायन आणि क्लोराइड) एक्स-रे रचना हाती आली आहे. आयोडीन ते क्लोराइड अंतर ३.१ अँगस्ट्रॉमच्या आसपास आहे. व्हॅन डर वाल्स त्रिज्यांची बेरीज ३.७३, म्हणजे हॅलोजन बंध (आयोडीनसारख्या हॅलोजनच्या धन भागाने इलेक्ट्रॉन-समृद्ध अणूला धरणं) आहेच. पण मार्गदर्शक विचारतात, "हा आयनिक बंध का नाही?" शिवाय ट्रायफ्लेट (CF₃SO₃⁻) क्षाराच्या नुसत्या बारीक सुया येताहेत. काय करू?

त्रिज्या: नुसत्या अंतरावर भिस्त ठेवू नका, विरुद्ध आयन तसेही जवळ येतात. कोन मोजा. प्रत्येक कार्बन–आयोडीन बंधाच्या बरोबर मागे एक सिग्मा-होल, म्हणजे कमी इलेक्ट्रॉन-घनतेचा धन भाग, असतो, आणि दोन फेनिलांमधला कोन ९० अंशांच्या आसपास, म्हणून ही दोन होलंही साधारण काटकोनात. क्लोराइड त्या रेषेवर बसला असेल तर केवळ विद्युत आकर्षणाने एवढी शिस्त येत नाही. तुमच्या रचनेत दोन आयोडीन आणि दोन क्लोराइड यांचा चौकोन दिसेल, दोन्ही क्लोराइड पुलासारखे. पुढची सगळी जुळणी तिथून सुरू होते.

जुना_खडू: नावावरून परीक्षक अडवतीलच. रसायनशास्त्रज्ञ अल्कॉक यांनी १९७२ मध्ये अशांना 'दुय्यम बंध' म्हटलं होतं. आययूपॅकची (रसायनशास्त्रातली नावं-व्याख्या ठरवणारी आंतरराष्ट्रीय संघटना) २०१३ची हॅलोजन बंधाची व्याख्या मात्र इथे बसते. माझ्या मते हॅलोजन बंध म्हणा आणि जुन्या नावाचा एका वाक्यात उल्लेख करून मोकळे व्हा.

गणिती: विद्युत विभवाचा नकाशा काढताना एक सांगतो. धनायनाचा पृष्ठभाग सगळाच धन असतो, त्यामुळे नेहमीची लाल-निळी पट्टी ठेवलीत तर सगळं एकाच रंगात येईल आणि होल दिसणारच नाही. पट्टी आखडून घ्या, चिन्हाऐवजी शिखरं शोधा. आयोडीनसाठी प्रभावी गाभा विभव (आतल्या इलेक्ट्रॉनांच्या जागी वापरायचं विभव) असलेला बेसिस सेट, म्हणजे गणनेसाठीचा फलनांचा संच, घ्या, डेफ-२ कुटुंबातला चालतो. हिर्शफेल्ड पृष्ठभागही (स्फटिकात रेणूभोवतीची सीमा आणि जवळचे संपर्क दाखवणारा) काढा, पण पुरावा म्हणून नाही, चित्र म्हणून.

त्रिज्या: सुयांबद्दल: अॅसिटोनायट्राइलमधल्या द्रावणात डायइथाइल ईथरची वाफ सावकाश मुरू द्या, अंधारात. हे क्षार प्रकाशाने फुटतात आणि आम्ल सोडतात. आयोडीन क्ष-किरण भरपूर शोषतं, म्हणून तांब्याऐवजी मॉलिब्डेनमचा स्रोत बरा. शोषण दुरुस्ती नीट करा, आयोडीनजवळ उरलेल्या इलेक्ट्रॉन-घनतेच्या ढिगाला पाणी समजू नका.

स्फटिकवेडा: खूप आभार. तुलनेसाठी वलयबंद डायफेनिलीनआयोडोनियम घेऊ का?

गणिती: जरूर घ्या. त्यात वलयं फिरू शकत नाहीत, आणि ऑर्थो (आयोडीन जोडलेल्या कार्बनच्या शेजारच्या कार्बनवरचे) हायड्रोजन सिग्मा-होलशेजारीच, त्याच प्रतलात येतात. ते ऋणायनाला स्वतःही धरतात, तेव्हा सगळं श्रेय हॅलोजन बंधाला देऊ नका. जमल्यास त्या ऑर्थो जागांवर मिथाइल असलेला क्षारही करून पाहा. त्याने होलची वाट अडते, आणि ऋणायन कुठे सरकतो ते लगेच कळेल.