मदत हवी आहे: आईचे गुडघे जपून ग्रेट मालव्हर्न कसं दाखवू?

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आई-बाबा आमच्याकडे बर्मिंगहॅमला येत आहेत. लंडन मागच्या खेपेला झालं, म्हणून यंदा दोन दिवस ग्रेट मालव्हर्न या डोंगराच्या कुशीतल्या इंग्लिश गावाला न्यायचं ठरवलंय. आईने तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. शास्त्रज्ञ डार्विनच्या मुलीची, ॲनीची, कबर तिथे आहे हे कळल्यापासून तिला दुसरं काही सुचत नाही.

१८४२ पासून तिथे डॉ. विल्सन आणि डॉ. गली यांचे जलोपचार चालत. रुग्णाला ओल्या गार चादरीत गुंडाळायचं, वरून थंड पाण्याची धार सोडायची. डार्विन १८४९ मध्ये गलींकडे आला आणि त्याला बरं वाटलं. त्याच भरवशावर १८५१ मध्ये आजारी ॲनीला आणलं. दहा वर्षांची पोर तिथेच गेली. प्रायरी चर्चच्या आवारातल्या तिच्या दगडावर 'लाडकं, गुणी लेकरू' अशा अर्थाचे शब्द आहेत. गेल्या ऑक्टोबरात मी एकटीच गेले होते, तेव्हा तिथून पाय निघेना.

कबर सपाटीवर आहे, तिथे अडचण नाही. पण आईला गावाच्या वर डोंगरावर असलेल्या सेंट ॲन्स वेल या झऱ्याचं पाणीही तिथेच जाऊन प्यायचंय. तिथल्या डोंगराचा खडक इतका कठीण की भेगांतून झिरपताना पाण्यात क्षार फारसे उतरतच नाहीत, हे ती आत्तापासून बाबांना समजावतेय. गावातून वर जायला आधी ९९ पायऱ्या, मग वळणावळणाची चढण. मलाच दोनदा थांबावं लागलं. आईचे दोन्ही गुडघे दुखतात, उतरताना जास्तच.

पायऱ्या टाळून वर जायचा रस्ता आहे का? टॅक्सी कुठपर्यंत सोडते? वाटेत टेकायला बाकं आहेत का?

दुसरं, मुक्काम. जुन्या व्हिक्टोरियन घरांतल्या लॉजमध्ये बहुतेक लिफ्ट नसते. तळमजल्यावर खोली मिळेल अशी जागा कुणी स्वतः राहून पाहिली असेल तर कृपया सांगा. संध्याकाळी रस्त्यावरचे गॅसचे दिवे लागलेले दोघांना दाखवायचेत, म्हणून जागा गावातच हवी.

जायचं मात्र ट्रेननेच. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेत. तिथल्या फलाटावरच्या लोखंडी खांबांच्या माथ्यावर पानाफुलांचे रंगवलेले झुबके आहेत, प्रत्येक खांबाचे वेगळे वाटावेत असे. बाबा तिथे अर्धा तास तरी रमणार. स्टेशनातून गावात जायलाही चढच आहे, तेव्हा सामानासकट आईला कसं नेऊ?

वयस्कर माणसांना घेऊन कुणी गेलं असेल तर तुमचा अनुभव नक्की लिहा. तिकिटं याच आठवड्यात काढायची आहेत.