तीन संख्यांचा लसावि : गुणाकाराला नेमकं कितीने भागायचं?

मुलीला लसावि शिकवताना अडकलोय. दोन संख्यांसाठी गुणाकार भागिले मसावि हे सूत्र तिला पटलंय. १२ आणि १८ चा गुणाकार २१६, मसावि ६, म्हणून लसावि ३६. तिने तेच तीन संख्यांना लावलं.

१२, १८, ३० : गुणाकार ६४८०, मसावि ६, उत्तर १०८०. मूळ अवयव पाडून मात्र १८० येतो, आणि तोच बरोबर आहे. आधी १२ व १८ चा ३६ काढून मग ३६ व ३० चा घेतला तरी १८०च.

मग तिनेच सुचवलं, मसाविने दोनदा भागूया. ६४८० ला ३६ ने भागलं तर १८०! ४, ६, १० लाही जमलं : २४० भागिले ४, म्हणजे ६०. तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. पण १२, १८, ४० ला फसलं. मसावि २, दोनदा भागून २१६०, खरा लसावि ३६०.

माझा अंदाज, तिघांत नसलेले पण दोघांत सामाईक असलेले अवयव (१२ व १८ मधला ३, १२ व ४० मधला जादा २) जास्तीचे उरतात. सहापट फरक त्यातूनच येत असावा.

लसावि काढायच्या इतर रीती आम्हाला येतात, त्या नकोत. तिला बीजगणित अजून येत नाही, मूळ अवयव छान येतात. तर तीन संख्यांच्या गुणाकाराला कितीने भागलं की दर वेळी लसावि मिळेल, आणि ते अक्षरं न वापरता कसं समजावू?