पोरींची फुटबॉल टीम झाली, पण खेळायला सामनेच नाहीत. काय करावं?

स्टॉपर_पाच_नंबर

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव टाकत नाही, आमचे सर इथं वाचतात. यंदा पहिल्यांदाच आमच्या कॉलेजची मुलींची फुटबॉल टीम निघाली. मी स्टॉपर खेळते, म्हणजे गोलच्या पुढं मधोमध बचावाला. कॅप्टन पण मीच, कारण दुसरं कुणी हो म्हणेना.

जुलैपासून प्रॅक्टिस करायलोत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्या फेरीला समोरची टीम आलीच नाही, वॉकओव्हर. दुपारी दुसरा सामना, त्यात ०-४. झाला आमचा सीझन. माझा मावसभाऊ अमेरिकेत शिकायला आहे. तो फोनवर सांगत होता, त्याच्या कॉलेजच्या पोरी ऑगस्ट ते नोव्हेंबर सामन्यांवर सामने खेळतात, कधी आठवड्याला दोन. म्हणलं बाबा, आमच्या गोलकीपरला अख्ख्या सीझनमध्ये एकदाच ड्रेस धुवायला लागला.

आता टीमचं सांगते. लहानपणापासून फुटबॉल खेळलेली आमच्यात एकही नाही. निम्म्या खो-खोच्या, दोघी-तिघी कबड्डीच्या आणि एक थाळीफेकवाली. तिला गोलमध्ये उभं केलं, कारण हात लांब आहेत आणि अंगावर आलेल्या चेंडूला भीत नाही. खो-खोवाल्या साइड बॅकला, म्हणजे कडेच्या बचावाला, एक नंबर. समोरची विंग हूल द्यायला लागली की यांना आधीच कळतं, यांनी स्वतः जन्मभर तेच केलंय. पण एक सवय काही केल्या जात नव्हती. खो-खोत खो मिळून एकदा दिशा घेतली की खांब येईपर्यंत माघारी वळता येत नाही, फाऊल असतो. आमची राइट बॅक तशीच पळायची. चेंडू मागं राहिला, समोरची पोरगी चेंडू घेऊन आत वळली, तरी ही आपली कॉर्नरच्या झेंड्याकडं सुसाट. सर बाहेरून ओरडायचे, "अगं इथं खांब नाही, वळ!" सप्टेंबर उजाडला तेव्हा कुठं ती वळायला लागली.

मैदान काळ्या मातीचं. ऑगस्टात पाऊस झाला की बुटाखालच्या स्टडमध्ये चिखल असा बसतो की काडीनं कोरून काढावा लागतो. पाऊस संपला की त्याच मातीला भेगा. दसरा जवळ आला की सोयाबीन काढणी, मग पोरी गायब. आमची लेफ्ट विंग तर काढणी झाल्यावरही आली नाही, आईबाप ऊसतोडीला गेले की धाकटी भावंडं आणि दोन म्हशी तिच्याच अंगावर. शेवटची एसटी सव्वापाचची. बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून येणं-जाणं परवडतं, पण गाडीच हुकली तर अर्ध्या तिकिटाचं काय करायचं? त्यामुळं प्रॅक्टिस रंगात आली की कुणीतरी घड्याळ बघणारच.

सामन्याच्या दिवशीचं ऐका. वॉर्मअप झाला, लायनीत उभ्या राहिलो, पंचांनी आमच्या मिडफिल्डरला बाहेर काढलं. नाकात चमकी. मळसूत्राची, नववीत घातलेली, कधी काढलीच नाही. ती म्हणाली वरून टेप लावते, पंच म्हणाले चालत नाही. कँटीनमधून साबण आणला, गोलकीपरच्या आईनं डोकं धरलं, मी फिरवतेय, तिच्या डोळ्यांतून पाणी. तेवढ्यात शिट्टी झाली आणि आम्ही दहा जणींनी सामना सुरू केला. चमकी निघाली, ती आत आली, तोवर ०-१. शिवाय निळ्या शॉर्ट्सखाली काळ्या लेगिन्स घातल्या म्हणूनही पंच बोलले. आता उघड्या पायानं खेळायला निम्म्या घरातून परवानगी मिळाली नसती, हे त्यांना कोण सांगणार.

समोरच्या पोरी चांगल्याच होत्या, रडगाणं नाही गात. पण शेवटच्या अर्ध्या तासात आम्ही एकही गोल खाल्ला नाही. कुणी कुठं उभं राहायचं, बचावाची लाइन कधी पुढं न्यायची, हे तेव्हा कळायला लागलं होतं. सहा महिने प्लास्टिकच्या कोनांमधून चेंडू काढून जे कळलं नाही ते त्या अर्ध्या तासात कळलं. आणि तिथंच संपलं.

म्हणून विचारते, सामने कुठून आणायचे? रविवारी हायस्कूलच्या पोरांबरोबर खेळतो, पण ते टॅकलच करत नाहीत, चेंडू सोडून बाजूला होतात आणि लाजतात. पुढच्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या जातील. नव्या पोरींना एका दुपारसाठी वर्षभर थांबा म्हणून कसं सांगू?

निवृत्त_क्रीडासंचालक_लातूर

बाळ, विद्यापीठ सामने वाढवील या आशेवर बसू नकोस. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीनं घेतात कारण टीए-डीए (प्रवास आणि रोजचा भत्ता), पंच, मुक्काम सगळं दोन-तीन दिवसांत उरकायचं असतं. त्या स्पर्धेचं खरं काम विद्यापीठाचा संघ निवडणं. तुम्हाला खेळायला मिळावं हे तिचं काम नाहीच.

लीग तुम्ही करा. चार कॉलेजं पुरतात. प्रत्येकीशी एकदा खेळलं तर एकूण ६ सामने, दोनदा खेळलं तर १२, म्हणजे प्रत्येक टीमला ६. अकरा जणी जमत नसतील तर सात-सातचे खेळा, अर्ध्या मैदानावर आडवे. चेंडू जास्त पायाला लागतो आणि कुणाला लपता येत नाही. मी माझ्या नोकरीत मुलांचं असं केलंय, मुलींचं करायचं राहिलं.

वेळ जानेवारी-फेब्रुवारीची धर. सोयाबीन घरात आलेलं असतं, ऊन चढलेलं नसतं, परीक्षा लांब असते. कॉलेजं निवडताना एसटीच्या भानगडीत न पडता रेल्वेची लाइन पकड : परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा. परतूर जालना जिल्ह्यात, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात. पण मैत्रीपूर्ण सामन्याला विद्यापीठ आड येत नाही. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या आत घरी.

पैशाचं म्हणशील तर प्रवेशाची पावती काढ. त्यावर जिमखाना फी असते. ती प्रत्येक विद्यार्थिनी भरते, त्यातून मैदान आखायची फक्की आणि दोन चेंडू मागायला लाजायचं कारण नाही.

नांदेडची_लेफ्ट_आउट

ताई, मी विद्यापीठाची कलर होल्डर आहे, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळलेली, पश्चिम विभागाची स्पर्धा खेळून आलेली. सरांचं पटलं. तिथं गोव्याच्या, मुंबई-पुण्याच्या, कोल्हापूरच्या पोरी येतात. त्या आपल्यापेक्षा जोरात पळत नाहीत. पळण्यात आपण त्यांना भारी. पण चेंडू येण्याआधी त्यांनी मान फिरवून बघितलेलं असतं. आपण चेंडू पायात आल्यावर मान वर करतो. हे कोनांतून येत नाही, समोर अंगावर येणारी माणसं पाहिजेत.

आणि विद्यापीठ संघाच्या निवडीला, ट्रायलला जा. टीम हरली तरी निवड होऊ शकते, सिलेक्टर एकेकीला बघतात. वयाची अट २५ ची आहे, एम.एस्सी.ला प्रवेश घेतला तरी खेळता येतं. तिसऱ्या वर्षाच्या पोरींना हे सांग, बऱ्याच जणींना वाटतं बी.ए. झालं की संपलं.

गल्लीतला_पंच

त्या दिवशीचा पंच मी नव्हतो, आधीच सांगतो. पण त्यांचं बरोबर होतं. फुटबॉलच्या नियमावलीतला नियम ४ : कोणताही दागिना चालत नाही आणि टेपनं झाकलेलाही चालत नाही. चमकी, बांगडी, मंगळसूत्र, हातातला दोरा सगळं आलं. आदल्या रात्री घरीच काढायचं.

लेगिन्सला मनाई नाही. रंग शॉर्ट्सचा किंवा शॉर्ट्सच्या खालच्या काठाचा पाहिजे, आणि टीममधल्या सगळ्यांचा एकच. त्यामुळं निळ्या लेगिन्स घेण्यापेक्षा शॉर्ट्सच काळ्या शिवून घ्या, काळ्या लेगिन्स प्रत्येकीच्या घरात असतातच. ओढणीऐवजी डोक्याला स्पोर्ट्स हिजाब बांधणारी कुणी असेल तर तोही २०१४ पासून नियमात बसतो. नडगीला लावायचे शिनगार्ड मात्र सक्तीचे, पुठ्ठा मोज्यात घालून येऊ नका, आम्हाला कळतं.

आणखी एक. सात जणी असल्या की सामना सुरू होतो. सोयाबीनच्या दिवसांत नऊ जणी आल्या म्हणून वॉकओव्हर देऊ नका, खेळा.

बाबुराव_स्पष्टवक्ता

आपल्या मातीतला खो-खो सोडून हे खूळ कशाला? तुम्हीच म्हणता निम्म्या खो-खोच्या आहेत. २०२५ ला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप भारताच्या पोरींनी जिंकला, कॅप्टन प्रियांका इंगळे मूळची आपल्या बीड जिल्ह्यातली. फुटबॉलमध्ये भारत कुठं आहे?

स्टॉपर_पाच_नंबर

काका, खो-खो सोडलेला नाही. त्याच पोरी सकाळी खो-खो खेळतात, दुपारी फुटबॉल. प्रियांकाताईंची फायनल आम्ही होस्टेलच्या एकाच मोबाइलवर बघितली, नेपाळला ७८-४० हरवलं, मेसवाल्या मावशी पण नाचल्या.

आणि फुटबॉलमध्ये भारत कुठं, तर २०२५ च्या जुलैत चियांग माईला थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवून पोरी आशियाई कपला पात्र ठरल्या. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून पात्र व्हायची ही पहिलीच वेळ. त्याआधीचा कप २०२२ ला आपल्याच महाराष्ट्रात होता, आणि कोरोनामुळं १३ खेळाडू उभे करता आले नाहीत म्हणून बाहेर पडावं लागलं. टीम उभी न राहण्याचं दुःख वरपर्यंत आहे, आमचंच नाही.

नांदेडची_लेफ्ट_आउट

तुझ्या मावसभावाला पण सांग, अमेरिकेतल्या पोरींना ते सामने आयते नाही मिळाले. १९७२ ला टायटल नाइन कायदा झाला, पैसे सरकारचे घेता तर मुलींना शिक्षणात, खेळातसुद्धा, डावलायचं नाही म्हणून. तरी कॉलेजच्या मुलींची पहिली एनसीएए (तिथली कॉलेज खेळांची संघटना) सॉकर, म्हणजे फुटबॉल, स्पर्धा व्हायला १९८२ उजाडलं. ती नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठानं जिंकली आणि २०२४ पर्यंत २२ वेळा जिंकली.

फिजिओ_जालना

सामने वाढवणार असाल तर आधी गुडघे सांभाळा. भेगाळलेल्या काळ्या मातीत स्टड अडकतो, पाय तिथंच राहतो आणि अंग वळतं. मुलींमध्ये एसीएल (गुडघ्यातला अस्थिबंध) फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि तुमच्या त्या राइट बॅकसारख्या नव्यानं वळायला शिकलेल्या पोरी माझ्या टेबलावर आधी येतात. मैदानाला दोन चक्कर मारणं म्हणजे वॉर्मअप नव्हे. फिफा ११+ हा दुखापती टाळायचा वॉर्मअप करा. १५ व्यायाम, वीस मिनिटं, साहित्य काही लागत नाही. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर त्याचा अभ्यास झाला, २००८ ला छापून आला. गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. उडी मारून खाली येताना गुडघे एकमेकांकडं झुकतात का, हे मोबाइलवर शूट करून बघा. तेवढं एक सुधारलं तरी बक्कळ.

दुसरं, सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली असेल तर औषध लागतं, धाप लागते म्हणून स्टॅमिन्याला दोष देऊ नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायांमध्ये रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

स्टॉपर_पाच_नंबर

सगळ्यांचे आभार. पावती काढून बघितली, जिमखाना फी आहे खरी. उद्या सरांकडं चार जणी मिळून जाणार, एकटीला परत पाठवतात. काळ्या शॉर्ट्सचं गोलकीपरच्या आईला सांगितलं, त्या शिवतात. वीस मिनिटांचा वॉर्मअप एसटीच्या वेळेत बसवायचा म्हणजे प्रॅक्टिस चारऐवजी साडेतीनला सुरू करावी लागेल, आणि साडेतीनला मैदानात क्रिकेटवाले असतात. त्यांच्याशी भांडण ठरलेलं आहे, ते मी बघते. लेफ्ट विंगचं मात्र काही सुचलेलं नाही, ऊसतोड मार्चपर्यंत चालते.

सेलू-मानवतकडचं कुणी आहे का इथं?

पूर्णा_जंक्शन

सेलूचं नाही, पूर्णेची आहे. आमच्याकडं नऊ पोरी आहेत, टीम म्हणून नाव कुठंच लागलेलं नाही. सात-सातचं असेल तर येतो. आम्ही तुमच्याकडं यायचं का तुम्ही इकडं?

स्टॉपर_पाच_नंबर

पहिला सामना तुमच्याकडं. प्राचार्यांचं पत्र लागतं का?

निवृत्त_क्रीडासंचालक_लातूर

दोन्ही कॉलेजांच्या प्राचार्यांचं लागतं, पालकांचं संमतीपत्रही. मजकूर मी टाइप करून पाठवतो, तारखेची जागा कोरी ठेवतो. सोबत एक बाई प्राध्यापिका आत्ताच बघून ठेवा, आयत्या वेळी मिळत नाहीत.