मदत हवी आहे: 'फक्त रिफॅक्टर' म्हणतात, पण प्लॅनमध्ये तिन्ही व्हीएम उडतायत. अप्रूव्ह करू का?

मंडळी, एका पुल रिक्वेस्टवर (कोडमधला बदल मंजूर करण्याची विनंती) अडकलोय. माझं रोजचं काम बॅकएंडचं. टेराफॉर्म (सर्व्हर कोडमध्ये लिहून उभे करायचं साधन) वाचता येतं, लिहायची वेळ क्वचित येते. रिव्ह्यूला मात्र माझंच नाव टाकलंय.

ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडवर आमच्या तीन ईसी२ मशिन (व्हर्च्युअल सर्व्हर, म्हणजेच व्हीएम) आहेत, सगळ्या टेराफॉर्ममधून उभ्या केलेल्या. 'फक्त रिफॅक्टर' (काम तेच ठेवून कोडची मांडणी बदलणं) असं म्हणत सहकाऱ्याने 'काउंट' काढून 'फॉर ईच' घातलंय. आता ०, १, २ ऐवजी वेब, जॉब, रिपोर्ट अशी नावं. हे मला पटतं, कारण मधली मशिन काढली की पुढच्यांचे नंबर सरकायचे. पण त्याच बदलात यूजर डेटाच्या (मशिन उभी होताना चालणाऱ्या) स्क्रिप्टमध्ये दोन ओळी वाढल्यात आणि आधी थेट लिहिलेला एएमआय (मशिनची मूळ इमेज) आयडी जाऊन 'मोस्ट रीसेंट', म्हणजे सर्वात नवी इमेज शोधणारा डेटा सोर्स आलाय.

प्लॅनची (अप्लाय करण्याआधी टेराफॉर्म दाखवतो ती बदलांची यादी) शेवटची ओळ: ३ ॲड, ० चेंज, ३ डिस्ट्रॉय. विचारलं तर उत्तर मिळालं, "नवीन येतायत की लगेच." रिपोर्ट मशिनच्या रूट डिस्कवर फायली आहेत, म्हणून धाकधूक वाटते. डिस्ट्रॉय टाळता येईल का? आणि त्या दोन ओळी जुन्या मशिनवर चालतील का?

रात्रपाळी:
अप्रूव्ह करू नका. रूट डिस्कचं 'डिलीट ऑन टर्मिनेशन' मुद्दाम बंद केलं नसेल तर मशिनबरोबर डिस्कही जाते. आधी स्नॅपशॉट (डिस्कची प्रत) घ्या, बाकी चर्चा नंतर.

टेराफॉर्म मशिनला स्टेटमधल्या (त्याच्या स्वतःच्या नोंदवहीतल्या) पत्त्यावरून ओळखतो. पत्ता '०' चा 'वेब' झाला की त्याच्या लेखी जुनी गेली, नवी आली. त्यासाठी पत्ता हलल्याचं सांगणारा 'मूव्ह्ड' ब्लॉक आहे, आवृत्ती १.१ पासून. प्रत्येक मशिनसाठी एकेक लिहायला सांगा: कुठून, कुठे.

मूळ प्रश्नकर्ता:
मूव्ह्ड घातले. प्लॅन पुन्हा ३ ॲड, ३ डिस्ट्रॉयच! मात्र आता उणे-अधिकची खूण (पाडून पुन्हा उभी करणार) दिसते आणि एएमआयच्या ओळीपुढे 'फोर्सेस रिप्लेसमेंट' लिहिलंय.

जुना खिळा:
म्हणजे कारणं दोन होती आणि पहिल्याने दुसरं झाकलं होतं. नुसता आकडा बघणाऱ्याला वाटलं असतं, मूव्ह्डचा उपयोगच झाला नाही. एएमआय बदलला की ईसी२ नव्यानेच उभी करावी लागते. 'मोस्ट रीसेंट' ठेवलं तर हा प्रसंग कोड न बदलताही येईल: नवी इमेज प्रसिद्ध झाली की पुढचा प्लॅन मशिन पाडायला निघेल. आयडी पूर्ववत थेट लिहा. 'इग्नोर चेंजेस'मध्ये (ज्या बदलांकडे दुर्लक्ष करायचं ती यादी) एएमआय टाकूनही भागतं, पण मग कुठली मशिन कुठल्या इमेजवर आहे ते कोडवरून कळत नाही. मला ते आवडत नाही.

यूजर डेटाची गंमत वेगळीच. 'रिप्लेस ऑन चेंज' (स्क्रिप्ट बदलली की मशिन नवी) चालू नसेल तर टेराफॉर्म मशिन थांबवून पुन्हा सुरू करतो, पण क्लाउड-इनिट (मशिनमधला ती स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) ती स्क्रिप्ट सहसा पहिल्या बूटलाच चालवतो. म्हणजे सेवा बंद पडणार, इलास्टिक आयपी (कायम राहणारा पत्ता) नसेल तर पब्लिक आयपीही बदलणार, आणि दोन ओळी चालणारच नाहीत. त्या या बदलातून काढायला लावा.

मूळ प्रश्नकर्ता:
आयडी पूर्ववत, स्क्रिप्ट बाहेर. आता प्लॅन ०, ०, ० आणि खाली तीन पत्ते हलल्याची नोंद. रिफॅक्टर म्हणतात ते हे! स्नॅपशॉट घेतलाय. सहकारी थोडा फुगलाय, पण वेगळी पुल रिक्वेस्ट करायला तयार आहे. अप्रूव्ह करतो.

रात्रपाळी:
करा. फक्त प्लॅन फाइलमध्ये साठवून तीच फाइल अप्लाय करायला सांगा, नाहीतर तुम्ही वाचलेलं एक आणि चाललेलं दुसरं.